बेबानं अंगठा दिला नाही

लिही ऋतिका, तुझी आजी सांगते तसं बेबाचं लिही. माझी धाकटी बहीण, बेबाबाई. आम्हा दोघींले पाचोऱ्याजवळ एकाच गावात दिलं. दोन्ही घरी वावर नाही, दोघी मजुरीले जायच्या. तेव्हा तिचा हेवा करण्यासारखं काही नव्हतंच.

बाप गेला त्या साली जीवरामभाऊनं आम्हाले आखाजीच्या सणाले माहेरी नेलं. झोके, पुरणपोळी, नवं लुगडं. दुसऱ्या दिवशी तालुक्याले नेलं. "अक्का, हिस्सा सोडल्याचा कागद शे. अंगठा दे." मी दिला. भावाले नाही कोण म्हणते? बेबानं मात्र हात पदराखाली घेतला. म्हणे, "लुगडं परत घे भाऊ, मले माझं वावर दे."

बठ्ठ्या गावानं तिले नावं ठेवली. मी पण ठेवली, खोटं काय बोलू? भावानं तिले पुन्हा आखाजीले नेलं नाही. मी दर साली जायची, अन् आल्यावर तिच्या ओट्यापुढून मुद्दाम नवं लुगडं नेसून चालायची.

पण दोन एकराच्या सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं ना! त्या कागदावर बँकेनं कपाशीले कर्ज दिलं. ते फिटलं तर ठिबकले दिलं, मंग म्हशींले. भरल्या घागरीतच बठ्ठे पाणी ओततात. माझा जीव जळे. एकाच बापाच्या पोरी आम्ही!

गेल्या साली तुझ्या आईले पिठाची गिरणी टाकायची होती. बँकेतला साहेब म्हणे, "शेती कोणाच्या नावावर?"

मी म्हटलं, "भावाच्या."

"मग भावाला जामीन आणा."

भाऊ म्हणे, "अक्का, मलेच तिथं कर्जाचं काम पडते. दुसरं कोणी पाहा."

तुझ्या आईचं तोंड एवढंसं झालं. मंग गेली मी बेबाच्या दारी, काय करू? ती म्हणे, "आज जुनंच लुगडं नेसली का अक्का?" एवढं बोलली, अन् चपला घालून निघाली.

बँकेत साहेब उठून उभा राहिला. "या बेबाताई, बसा." खुर्ची एकच. बेबानं ऐटीत सही केली, मी भिंतीले टेकून पाहत राहिली.

आता गिरणी चालते. तुझी आई म्हणते, मावशीचं दळण आधी घ्या. मी नाही घेत. तिचा डबा मागं सरकवते.

बेबा हसते. "अक्का, माझ्या जामिनावर फिरते ती गिरणी."

"फिरू दे," मी म्हणते. "नंबरानं ये."