साहेबाचे शब्द आणि गंगूचं लग्न

मी मुंबईला निघालो तेव्हा दासगावच्या बंदरावर मला पोचवायला वडील वरंधहून गाडी जुंपून आले होते. ट्रंक उतरवताना म्हणाले, "इंग्रजी सोडू नको बाबा. इंग्रजीवाल्याला कोण हटकत नाय." धाकटी बहीण गंगूही होती. लाँच सुटली तरी काठाच्या चिखलात उभी राहून ओरडत होती, "दादा, माझ्या लग्नाला ये रे!" नऊ वर्षांची पोर आणि लग्नाची घाई! मला हसू आलं.

इंग्रजी मी सोडलं नाही. काय दिवे लावले ते ऐका. फोर्टातल्या एका कचेरीत कारकून झालो. साहेब म्हणजे निव्वळ दगड! पण त्याला विलायती साप्ताहिकातल्या शब्दस्पर्धेचं वेड. साप्ताहिकवाले तीन अक्षरं देणार, आणि ती तिन्ही ज्यांत येतात असे इंग्रजी शब्द आपण शोधून धाडायचे. शोधायचे कुणी? मी. नाव कुणाचं? त्याचं. एम, एन, टी आली की मी डिक्शनरी घेऊन बसे. माउंटन, मॉन्स्टर, ऑर्नमेंट... साहेब पाइप ओढत "गुड, गुड" करी आणि क्लबात तेच शब्द स्वतःचे म्हणून मिरवी. जन्मभर इंग्रजी बोलणारा बाप्या, आणि शब्द वरंधच्या पोराकडून घेणार! मी तरी कोण मोठा? त्या "गुड"साठी लाळ घोटणारा. मला हेडक्लार्क व्हायचं होतं ना.

पाच वर्षांनी गंगूचं लग्न ठरलं. वडिलांचं पत्र आलं, "कान पिळाया तूच पायजेस. सख्खा भाऊ तिला दुसरा नाय." आमच्यात लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट नांदव म्हणून दटावतो. मी रजा मागितली. साहेब म्हणाला, आधी यादी पुरी कर, मग खुशाल जा. बोट दुसऱ्या दिवशी सकाळची. टोपी घालून चालू पडलो असतो तर कुणी बेड्या ठोकल्या नसत्या. पण मी सकाळीही कचेरीत जाऊन शब्दच शोधत बसलो. बोट गेली.

पुढच्या बोटीनं पोचलो तेव्हा मांडव सोडत होते. कान चुलतभाऊ गणपतनं पिळला होता. गंगू पोलादपूरला सासरी गेली होती. वडिलांनी घरात एवढंच सांगितलं, "त्याला जेवाया वाढा." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या यादीला बक्षीस लागलं, बिस्किटांचा डबा. साहेबानं मला त्यातली दोन दिली. मी थँक्यू म्हणून खाल्ली. थू माझ्या जिनगानीवर!

मुंबईतल्या माझ्या गाववाल्यांनो, तुम्ही सणाला कोट चढवून गावात यस-नो झाडत हिंडता. हिंडा. त्या इंग्रजीची तिकडे साहेबाला किंमत नाही आणि इकडे म्हशीलाही नाही. हेडक्लार्कच्या जागेवर साहेबाच्या मेव्हण्याचा कुणी दोस्त बसला, हेही ऐकून ठेवा.

आता वडील नाहीत. घर गणपत सांभाळतो आणि गंगू माहेरी येते ती त्याच्याकडे. यंदा भाऊबीजेला मीही गेलो. तिनं आधी गणपतला ओवाळलं, मग मला. तिच्या मनात काही नव्हतं. लग्नात जो उभा राहिला त्याचा मान पहिला, आणि ते बरोबरच आहे. ताट खाली ठेवून तिनं अगदी मायेनं विचारलं, "दादा, किती दिस ऱ्हाणार हायस?"

घरच्या माणसाला असं कुणी विचारत नाही. मी म्हणालो, "उद्याच निघतो."