पिकअपची पायरी आणि सुतळीची गाठ

पिकअपला बसवलेल्या दोन पायऱ्यांची खरी किंमत आधी सांगतो, म्हणजे वाचून कुणी निघालंच तर खिसा बघून निघेल. पायऱ्यांची जोडी चार हजार आठशे. मजुरी सहाशे. दोन मिसळ आणि मिस्त्रीचा चहा, दोनशे. मिरजेत एका रात्रीचं लॉज, नऊशे. चौदा अनोळखी माणसांचा चहा, एकशे चाळीस. हा शेवटचा आकडा मला कुठल्याच दुकानदारानं आधी सांगितला नव्हता.

आम्ही विट्याचे. सोळाव्या वर्षी कोइमतूरला सोनं गाळायला गेलो, तिथंच पुढं स्वतःचं दुकान टाकलं, आणि पन्नाशी आली तसं ते भावाच्या हाती देऊन परत आलो. लोक फिरायला कार घेतात, मी पिकअप घेतली. मागं गादी, शेगडी, पाण्याचा कॅन टाकला की मी आणि बायको सुनंदा कुठंही जायला मोकळे. फक्त निघताना त्या वाटेला मालाचं भाडं मिळतंय का बघून निघतो. आयुष्यभर कण वेचलेला माणूस मी. माझी गाडी फुकटाचं वजन एक किलोसुद्धा वाहत नाही, हे मी गावात चारचौघांत छाती काढून सांगत आलोय.

या वेळी निमित्त होतं सुनंदाच्या वडिलांचं. आबा फौजेत ड्रायव्हर होते, बावीस वर्षं बर्फातल्या रस्त्यांवर मोठे ट्रक चालवले. उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला निघाले, तेव्हा गावातल्या चौघांनी त्यांना उचलून जीपमध्ये ठेवलं. सगळी आळी बघत होती. त्यानंतर आबांनी एकच धरून ठेवलं होतं. घरी जायचं तर स्वतःच्या पायानं गाडीत चढून, नाहीतर मिरजेतच खोली बघा. घर पाटणच्या पुढं, कोयनेच्या काठाला. आणि माझ्या पिकअपचं दार त्यांच्या कमरेला लागणारं.

सुनंदा आठवड्याआधी जाऊन दवाखान्यात माप घेऊन आली होती. आबा आधाराशिवाय जेवढा उंच पाय टाकू शकतात, तेवढ्यावर तिनं सुतळीला गाठ मारली. ती सुतळी खिशात घालून आम्ही निघालो.

पहिला दिवस, विटा ते सांगली. मागं बेदाण्याचे साठ बॉक्स, म्हणजे नऊशे किलो. पहाटे तासगावच्या अलीकडं धुकं इतकं दाट की द्राक्षबागा दिसत नव्हत्या, फक्त त्यांच्या तारा दिसत होत्या, हवेत ओढलेल्या रेघांसारख्या. रस्ता चांगला, पण उसाच्या ट्रॅक्टरांपासून जपा. त्यांना मागचा दिवा नसतो.

सांगलीत गाड्यांच्या सामानाच्या गल्लीत पायऱ्यांच्या तीन तऱ्हा बघितल्या. चकचकीत गोल पाइप सगळ्यात देखणा. मी नाण्यानं वाजवून बघितला, आवाज पोकळ आला. ॲल्युमिनियमची पट्टी हलकी, पण पाय दिला की कुरकुरणारी. शेवटी एका मिस्त्रीकडं काळी, खरबरीत, तळपायाएवढी रुंद लोखंडी पायरी मिळाली. तिचा आवाज भरीव होता. मिस्त्री माझ्याकडं बघत म्हणाला, "दादा, पायरी घ्यायला आलाय का घंटा?"

बेदाणा दुपारनंतर उतरायचा होता. तोवर गाडी नुसती उभी कशाला ठेवायची, म्हणून भरल्या गाडीलाच पायऱ्या बसवून घेतल्या. सुतळी जमिनीला टेकवली, गाठ बरोबर पायरीच्या वरच्या कडेला. केसाचा फरक नाही. चार बाजूंनी बघितलं, मनात म्हटलं, हा सोनाराचा डोळा.

संध्याकाळी माल उतरवून मिरजेला आलो. जेवण झाल्यावर आम्ही दोघं तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून हळूहळू चालत गेलो. एका दुकानात म्हातारा कारागीर तार छेडायचा, ऐकायचा, काहीतरी किंचित घासायचा, पुन्हा ऐकायचा. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले, आणि माझा कान काही साधा नाही. भिंतीला टेकवलेले भोपळे पिवळ्या उजेडात झोपलेल्या माणसांसारखे दिसत होते. तो स्वर आमच्या मागं बराच लांबवर आला. सुनंदा हळूच म्हणाली, "चढतील ना हो?" मी म्हणालो, गाठ बघितलीस ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दवाखान्याच्या दारातल्या झाडाखाली लावली. आबा काठी टेकत आले. फौजेतली टोपी, नवीन शर्ट, दाढी गुळगुळीत. पायरीपाशी थांबले. डावा पाय उचलला, तो अधांतरी राहिला आणि परत खाली आला.

सुनंदानं सुतळी लावली. गाठ पायरीच्या चार बोटं खाली लोंबत होती.

वॉर्डातल्या मावशींनी स्टूल आणलं, पण डॉक्टरांची ताकीद होती, हलत्या वस्तूवर पाय द्यायचा नाही. उचलायचं तर नावच काढायचं नव्हतं. आबा वळले आणि दवाखान्याच्या पायऱ्यांकडं चालू लागले. सुनंदानं तोंड फिरवलं.

दोन पावलांवर ते थांबले. काठीनं मागच्या चाकावरचे स्प्रिंगचे पाटे दाखवत म्हणाले, "पावणं, पायऱ्या बसवल्या तवा गाडी भरल्याली व्हती?"

मी मान हलवली.

"मग माल उतरला, पाटे उठले. गाडी वर आली. एवढं सोनं जोखलं, एवढं न्हाई कळलं?"

मी काय ते समजलो आणि दारातल्या माणसांना विनवायला लागलो. पेशंटांचे नातेवाईक, दोन रिक्षावाले, शहाळीवाला, राखणदार. काय करायचं ते सांगितल्यावर आधी हसले, मग एकेक करून मागं चढले. माणसागणिक गाडी हळूच बसत गेली, बैल गुडघे मोडून खाली बसावा तशी. चौदाव्या माणसाला गाठ पायरीला टेकली.

आबांनी दाराची मूठ धरली. डावा पाय वर गेला. मग उजवा. ते सीटवर बसले आणि समोर बघत राहिले.

मग ती माणसं एकेक करून उतरली, आणि गाडी आबांना घेऊन सावकाश वर उठत गेली. आबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते मी पुन्हा कधी बघितलं नाही. पाळण्यात बसलेल्या पोराचं असतं ना, तसलं काहीतरी.

पुढचा रस्ता पेठ नाक्यावरून कऱ्हाड. उसाला तुरे आलेले, वारा आला की अख्खं शिवार पांढरं होऊन डुलायचं. कऱ्हाडला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच किडा, आता उतरवायचं कसं? रस्त्याकडेच्या वखारीत थांबून वाळूची अठरा पोती भरून घेतली. वखारवाल्यानं विचारलं, बांधकाम कुठं काढलंय? आबा खिडकीतून म्हणाले, "बांधकाम न्हाई रं, सासरा उतरवायचा हाय."

पाटण मागं पडलं, डोंगर जवळ आले, कोयना डाव्या हाताला, मग उजव्या हाताला. आबा एकेका वळणाचं नाव सांगत होते. गावात गाडी थांबली तेव्हा आळीतली सगळी माणसं बाहेर आली. आबांनी हातानंच सगळ्यांना लांब केलं. ऑपरेशनचा पाय आधी खाली, मग दुसरा. उभे राहिले, टोपी सारखी केली आणि घरात गेले.

विट्याला परत येऊन दोन महिने झाले. पायरी चार बोटं खाली घ्यावी म्हणून सांगलीला जाऊन आलो. मिस्त्री म्हणाला, तेवढी खाली घेतली तर माल भरल्यावर दर गतिरोधकाला घासेल. आबांना महिन्यातून एकदा तपासणीला न्यायचं असतं, आणि ते आता दुसऱ्या कुठल्या गाडीत बसत नाहीत.

वाळूची अठरा पोती अजून गाडीतच आहेत.