फूल येण्याआधी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी राहात्याला, गॅलरीतल्या कुंड्यांना नळाचं साधं पाणी घालत होतो. वर्षभर साधंच घालत होतो. झोपेतच गेले, वहिनी म्हणाल्या... मी झारी धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे, पाणी खालच्यांच्या दारापर्यंत गेलं होतं.

अण्णा माझे थोरले भाऊ. कोल्हारला घरामागे त्यांची भाज्यांची बाग, आणि बागेत निळा प्लॅस्टिकचा ड्रम. लोक गाजरगवत बघून शिव्या घालतात, अण्णा मात्र ते प्रेमाने उपटायचे; त्याची खाज भारी, म्हणून हातांत जुने पायमोजे चढवून. ड्रमात गवत, गूळ, पाणी, आणि सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळणं. वास असा की पाहुणे चहा अर्धा टाकून उठत. पंधरवड्याने गाळून एका तांब्याला दहा तांबे पाणी घातलं की वांगी-दोडक्यांचं खत तयार. दुपारी मी तिथेच बाज टाकून पडायचो. ड्रमात बुडबुडे फुटत, दोडक्याच्या वेलाची सावली अंगावरून हळूहळू सरकत जाई आणि आपण साठीचे आहोत की सहा वर्षांचे, तेच कळेनासं होई. तसं सुख मला बँकेच्या नोकरीत कधी मिळालं नाही.

अण्णांचा नियम एकच: गवत फूल येण्याआधी उपटायचं. मागच्या वर्षी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि आठ दिवस बाग माझ्या ताब्यात आली. त्यांना खूश करायचं म्हणून मी कॅनॉलच्या कडेचं कमरेएवढं गवत आणून ड्रम भरला. पांढऱ्या फुलांनी ते इतकं छान दिसत होतं! वर शहाणपणा करून, नीट कुजायच्या आतच त्याचा चोथा वाफ्यांत पसरला. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो तर फुलांतलं बी रुजून वांग्यांपेक्षा गाजरगवतच जोमात.

अण्णा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळू, तुला फूल दिसलं न्हाई व्हय?"

तेच मला झोंबलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तडक राहात्याला परतलो, दिवाळीलाही गेलो नाही. त्यांचा फोन दोनदा आला, मी उचलला नाही. अण्णा रागातच गेले असणार, या धाकाने अंत्यविधीलाही पाय निघाला नाही; तेच मनात घेऊन दहाव्याला कोल्हारला गेलो.

विधी आटोपल्यावर बागेत आलो. सगळे वाफे स्वच्छ होते, फक्त विहिरीकडच्या कोपऱ्यात गाजरगवताचा एक हातभर पट्टा तसाच. शेंडे मात्र एकूणएक खुडलेले. वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या.

"रोज कळ्या खुडायचे, भावजी. पर मुळं उपटू द्यायचे न्हाई कुणाला. म्हणायचे, एवढं बाळूसाठी ऱ्हाऊ दे. आला की दोघं मिळून उपटू."

खाली बघितलं तर खुडलेल्या शेंड्यांच्या बगलेतून नव्या कळ्या डोकावत होत्या, दहा दिवसांच्या. मी मांडी घालून बसलो आणि एकेक रोप मुळासकट काढू लागलो. पायमोजे मागायचं सुचलंच नाही. खाज अजून जात नाही, आणि जावी असं वाटतही नाही...