वळणावरचे दोन हॉर्न

त्या तीन सकाळी वळणावर हॉर्न वाजला नाही, कारण मी तो वाजू दिला नाही. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. बायकोला नाही, आणि ज्यांच्याबरोबर वीसेक वर्षं एकाच गाडीने स्टेशन गाठलं त्या पासवाल्यांनाही नाही. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याचं एक बरं असतं, तो काही लपवत असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

सांगायची वेळ आली ती एका अर्जामुळे. आमच्या गावाहून खर्डी स्टेशनाला जाणारी बस पुन्हा जुन्या वळशाने, पाड्यावरून न्यावी, असा अर्ज पाड्यातल्या लोकांना डेपोत द्यायचा होता. शाळेत माझ्या वर्गात असलेली पाड्यातली एक बाई त्यासाठी रविवारी माझ्या अंगणात आली. बरोबर तिची मुलगी होती, नुकतीच बारावी झालेली, शहापूरला नर्सिंगला प्रवेश मिळालेली.

"तू हापिसात कागद लिवतोस," ती म्हणाली. "गाडीचा इतिहास लिही. पार ट्रॉलीपासनं."

"इतिहास कशाला? सरळ मागणी लिहू की."

"मागणी सगळीच करतात रे. आमचा हक जुना हाय, ते कळू दे सायबाला."

मी हो म्हटलं. तिला नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं.

इतिहास मला पाठ आहे. ही गाडी रस्त्यावर आली त्याआधी ती रुळांवर होती. जंगलातलं लाकूड आणि कोळसा खर्डी स्टेशनाला उतरवायचा म्हणून एका ठेकेदाराने अरुंद रूळ टाकले होते. त्यांवर फळ्यांची ट्रॉली. स्टेशनाकडे येताना भरलेली, उताराने आपोआप येणारी. जाताना रिकामी, बैलांनी ओढलेली नाहीतर माणसांनी ढकललेली. रिकाम्या ट्रॉलीवर आधी मिठाची पोती बसली, मग माणसं. पुढे भरलेल्या ट्रॉलीवरही ओंडक्यांवर पाय सोडून लोक स्टेशनाला जायला लागले. चढ आला की उतरून ढकलायचं, तेच तिकीट.

सरळ उतरवली असती तर भरलेली ट्रॉली आवरली नसती, म्हणून रूळ टेकडीला वळसा घालून नेले. पाडा त्या वळशावर. ट्रॉलीच्या ब्रेकवर माझ्या वर्गातल्या त्या बाईचा आजा असायचा. वळणाआधी ऐनाचं एक झाड होतं, अजून आहे. तिथे ट्रॉली थांबवून तो ब्रेक तपासायचा आणि झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर दोनदा हातोडा मारायचा. आवाज ऐकला की पाड्यातली माणसं हातातलं काम टाकून निघायची. ट्रॉली वळसा घालून थांब्यावर येईपर्यंत तीही तिथे पोचायची. त्यामुळे थांब्यावर कुणी ताटकळत उभं राहिलेलं कधी दिसायचं नाही. कामाची माणसं ती, उभं राहायला वेळ कुणाला?

पुढे रूळ उखडले. ते भातसानगरला धरणाच्या कामाला गेले असं म्हणतात. राहिलेल्या बांधावर खडी पडली आणि पहिली बस आली तीही त्याच वळशाने. थांब्याला लोक अजून 'ट्रॉली' म्हणतात. हातोड्याच्या जागी हॉर्न आला, एवढाच फरक. ऐनाजवळ दोन हॉर्न, मग वळण, मग थांबा. नवा ड्रायव्हर आला की जुना त्याला हे सांगून जायचा. डेपोच्या कुठल्या कागदावर हे कधी नव्हतं.

इथपर्यंतचा अर्ज मी एका बैठकीत लिहिला. पुढचं वाक्य होतं, 'वीस-बावीस वर्षांपूर्वी या मार्गाने गाडी बंद झाली.' हे वाक्य खोटं नाही. पण ते लिहून पुढे जाणं मला जमेना.

गाडी बंद झाली ती अशी. मी नोकरीला नवा होतो. टेकडीत खिंड फोडून सरळ रस्ता झाला होता. त्या रस्त्याने गेलं तर पंधरा मिनिटं वाचत आणि आधीची लोकल मिळत असे. कल्याणच्या ऑफिसात लेट मार्कांवरून साहेबांनी मला दोनदा ताकीद दिली होती. पासवाल्यांच्या वतीने 'गाडी सरळ न्या' असा अर्ज मीच लिहिला. डेपोने कळवलं, वळशावर किती माणसं चढतात ते आमचा माणूस तीन सकाळी गाडीत बसून बघेल.

चढायची रोज आठ-दहा. बाजाराच्या दिवशी टोपल्या आणि कोंबड्या वेगळ्या. ती मोजली गेली असती तर गाडी वळशावरून हलली नसती.

आदल्या दिवशी मी ड्रायव्हरला गाठलं. मुरबाडकडचा, धसईचा माणूस, आमच्या गाडीवर सहा-सात वर्षं होता. पाडा त्याला दर साल भात झोडलं की नव्या तांदळाची पिशवी द्यायचा.

"दादा, उद्यापासून तीन दिवस ऐनाजवळ हॉर्न मारू नका," मी म्हणालो.

"का रं? पाड्यातली माणसं कशी येतील मंग?"

"डेपोचा साहेब गाडीत आहे. विनाकारण हॉर्न मारला की लिहून घेतो. तुमच्यावरच रिपोर्ट जाईल."

"असा नियम हाय?"

"मी कागद वाचलाय, दादा."

असा नियम नव्हता. असा कागद नव्हता. पण मी शिकलेला, आणि कमी बोलणारा. त्याने विश्वास ठेवला.

पहिल्या सकाळी थांब्यावर कुणी नाही. डबल बेल, गाडी पुढे. दुसऱ्या सकाळी गाडी सुटली आणि मागच्या काचेतून मला ती दिसली. माझ्याच वर्गातली ती. तेव्हा ती शहापूरला नर्सिंग शिकत होती. एका हातात चप्पल, काखेत पिशवी, बांधावरून धावत येत होती. मी मागच्या बाकावर होतो. कंडक्टरला हाक मारायला एक शब्द पुरला असता.

तिसऱ्या सकाळी ती एकटीच थांब्यावर उभी होती. बाकीच्यांनी गाडी बंद झाली असं धरलं होतं. चढता चढता ती ड्रायव्हरला म्हणाली, "काय हो दादा, दोन दिस मुके झालात काय? हारन नाय, काय नाय!"

ड्रायव्हरने आरशात माझ्याकडे पाहिलं. साहेबाच्या देखत त्याला बोलता येईना. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तेवढ्यात साहेब मागे वळला आणि मलाच विचारलं, "इथून रोज किती असतात?"

"अशीच एखाददुसरी," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात गाडी खिंडीतून जायला लागली. पाड्यापासून त्या रस्त्यावरचा फाटा तासाभराच्या चालीवर. माझ्या वर्गातली ती दिवाळीपर्यंत रोज तिथवर चालत आली. मग हजेरी कमी पडली म्हणून कॉलेजने तिला परीक्षेला बसू दिलं नाही, आणि नर्सिंग सुटलं ते सुटलंच. माझे लेट मार्क मात्र बंद झाले. आज तिची मुलगी त्याच फाट्यापर्यंत चालते, त्याच शिक्षणासाठी. गाडी वळशावर आली नाही, तर तिची हजेरीही दिवाळीपर्यंतच टिकेल.

मी ते वाक्य खोडलं आणि काय घडलं होतं ते जसंच्या तसं लिहिलं. हॉर्न, साहेब, एखाददुसरी, सगळं. मग कागद घेऊन पाड्यात गेलो. ती पडवीत विळा ठोकून सरळ करत होती. विळ्याखाली होता तोच रुळाचा तुकडा, आज्याने हातोडा मारलेला. मी उभ्याउभ्या अर्ज वाचून दाखवला. ठोकणं अर्ध्यात थांबलं.

"म्हंजे तवा खिडकीतनं बाहेर बघत होतास ते याच्यापायी," ती म्हणाली.

"हो."

"आन् आदल्या दिशी मी धावत होते, ते दिसलं तुला?"

"दिसलं."

तिने विळा बाजूला ठेवला. मुलीने विचारलं, "मामा, हे सगळं असंच देणार डेपोत? तुमच्या सहीनं?"

"माझ्या सहीनंच."

"द्या मंग," मुलगी म्हणाली. "हे वाचल्यावर तरी कळंल त्यांना, थांबा रिकामा दिसतो म्हंजे माणसं नसतात असं नाय."

मी म्हणालो, या खेपेला मोजायला माणूस आला की सगळ्यांनी आधीच थांब्यावर येऊन उभं राहा.

"आमी नाय उभं रहाणार," तिची आई ताडकन म्हणाली. "आजपतुर नाय राह्यलो. दोन हारन वाजवायला सांग, मंग मोज म्हणावं."

मी तिथेच बसून ते कलम वाढवलं. मोजणीच्या दिवशी ऐनाच्या झाडाजवळ नेहमीप्रमाणे दोन हॉर्न द्यावेत. ट्रॉलीपासून चालत आलेली गोष्ट पहिल्यांदा कागदावर आली.

निघताना तिने मला थांबवलं. "माझं काय ते मी बघेन. माफ केलं असं समजू नको, अजून नाय केलं. पण तू एक सांग. शिव्या कुणाला घातल्या आमी इतकी वर्सं? ड्रायव्हरला. त्या साली तांदूळ नाय दिला त्याला. मुका ड्रायव्हर म्हणायचो. बदली झाली तवा पाड्यातलं कुत्रंसुदीक भेटायला गेलं नाय. त्यानं कवा तुझं नाव घेतलं नाय रे."

खरंच घेतलं नाही. का, ते मला माहीत नाही. कदाचित आपणच फसलो याची त्याला लाज वाटली असेल.

अर्ज सोमवारी डेपोत दिला, पोच घेतली. अर्ज चांगला झाला आहे, हे मी लिहिणारा म्हणून सांगतो. ऐनाजवळ हॉर्न वाजला की माणसं येतील, आणि ती मोजली की गाडी वळशावर परत येईल. त्याबद्दल मला शंका नाही.

ड्रायव्हरदादा रिटायर होऊन धसईला असतात, भाजी लावतात, असं ऐकतो. मुरबाडहून तिकडे गाडी जाते. मी अजून गेलेलो नाही. त्यांना पाड्यात आणायचं, आणि हॉर्न ते विसरले नव्हते, तो मी बंद करवला होता, हे त्यांच्या समोर सगळ्या पाड्याला सांगायचं. एवढं देणं माझ्यावर बाकी आहे.