मायची मान

"तुझ्यात विश्वास नाही."

हे माझ्या मायला मी म्हणाले. भर गिरजात, सगळ्या मंडळीसमोर. शब्द दुसऱ्याचे होते, तोंड माझं होतं. मी तर नुसती सांगणारी होते, असं म्हणून बरेच दिवस स्वतःची समजूत काढली. आता काढत नाही.

त्या रविवारी आमच्या पूर्णा गावी हैदराबादहून बडे पाद्री आले होते. प्रार्थनेने आजार बरे करतात अशी त्यांची ख्याती. त्यांना मराठी येत नव्हतं, बोलणं सगळं उर्दूत. आणि मला उर्दू येत होतं, कारण निजामाच्या राज्यात मिशनच्या बोर्डिंगात आम्ही महारवाड्यातल्या मुलीसुद्धा अलिफ-बे गिरवूनच शिकलो. मग संस्थान गेलं, शाळा मराठी झाल्या. मी मिशनच्या शाळेत मास्तरीण झाले, आणि माझं उर्दू ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखं पडून राहिलं. बड्या पाद्रींसाठी ते बाहेर काढलं. ते एक वाक्य बोलायचे, थांबायचे, माझ्याकडे न बघता म्हणायचे, "बोलो." मग मी ते मराठीत सांगायचे.

मला त्याचा तोराच चढला होता. खोटं कशाला सांगू? महारवाड्यातली पोर वेदीच्या पायरीवर, बड्या पाद्रींच्या शेजारी उभी. खाली पुढच्या बाकांवर रेल्वेतले गार्ड, ड्रायव्हर, त्यांच्या बायका. बहुतेक सगळे सिकंदराबादकडचे, पिढीजात ख्रिस्ती. बाकांच्या मागे सतरंजी. सतरंजीवर आम्ही. प्रभुभोजनाचा, द्राक्षारसाचा पेला बाकांपासून सुरू व्हायचा आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर ओठ ओले होण्यापुरतंच काही उरायचं. गावात आम्हाला पाणी वरून ओतायचे, ते आम्हाला पाठ होतं. पण इथे आम्हाला सांगितलं होतं की आपण सगळे एक अंग आहोत. म्हणून तो पेला जास्त झोंबायचा.

माय सतरंजीवर बसली होती, अगदी भिंतीला टेकून. तिच्या मानेला गंडमाळा झाल्या होत्या. आधी हरभऱ्याएवढ्या गाठी, मग सुपारीएवढ्या, मग एक फुटली आणि वाहायला लागली. परभणीच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हा क्षयच आहे, छातीऐवजी मानेत बसलाय. सुया घ्याव्या लागतील, लय दिवस घ्याव्या लागतील, पण मधेच तोडू नका. माय गाडीने परभणीला जाऊन सुया घ्यायची. गाठी थोड्या बसायलाही लागल्या होत्या. तरी ती पदर मानेभोवती गुंडाळूनच हिंडायची. भर उन्हाळ्यातसुद्धा.

बडे पाद्री म्हणाले, "इज्जत और ईमान. शिफ़ा के ताले की यही दो चाबियाँ हैं. बोलो."

मी म्हणाले, "मान आणि विश्वास. बरं होण्याच्या कुलपाला ह्याच दोन किल्ल्या आहेत."

मग त्यांनी शास्त्रातली गोष्ट सांगितली. प्रभू आपल्या गावी गेला. गावचे लोक म्हणाले, हा तर सुताराचा पोरगा. त्यांनी त्याला मान दिला नाही, म्हणून तिथे त्याच्या हातून फारसं कुणी बरं झालं नाही. गोष्ट खरी आहे, शास्त्रात आहे. पण बड्या पाद्रींनी तिला पुढे आपलं शेपूट जोडलं. देवाच्या माणसाची जो इज्जत करत नाही, त्याच्यासाठी देवाचा हात थांबतो. "बोलो."

"देवाच्या माणसाला मान द्या," मी म्हणाले.

इथे माझी चूक झाली. 'आदर करा' म्हणायला हवं होतं. पण आदर हा शब्द सतरंजीवर कोण बोलतं? आमच्यात मानच म्हणतात. लग्नात मान, मयतीत मान, मानावरून डोकी फुटतात. आणि मराठीत मान दोन. एक द्यायचा तो, एक खांद्यावर असते ती. 'द्या' म्हटल्यावर कुठली ते कळत नाही. जिची मान दोन वर्षं सडतेय तिला कुठली ऐकू येणार?

माय उठली. बाकांच्या मधून चालत आली. पायरी चढली. मला वाटलं, चक्कर आली की काय हिला. तिने मानेभोवतीचा पदर सोडला, औषधाचा कापूस काढला, आणि उघडी मान बड्या पाद्रींपुढे वाकवली.

"घ्या महाराज. ही दिली मान. काय करायचं ते करा."

बाकांवर हसू फुटलं. गार्डसाहेबांच्या बायकोने, आम्ही तिला गार्डीणबाई म्हणायचो, नाकाला रुमाल लावला आणि 'ये तो परभणी में सुई लेती है,' असं बड्या पाद्रींना सांगितलं. तिच्या पोटाचं दुखणं होतं आणि घटकाभरापूर्वीच बड्या पाद्रींनी तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून प्रार्थना केली होती. मायपासून मात्र ते दोन पावलं मागे सरले. पांढरा झगा हाताने आवरून घेतला. चिखलातून जाताना आवरतात तसा.

"उतारो इसको. जिसमें इज्जत नहीं, उसमें ईमान कहाँ से आएगा? इसका भरोसा सुई पर है. बोलो इसको."

माझी चूक आहे, एवढं म्हणायचं होतं. एक वाक्य. मी जीभ चावली असती तरी चाललं असतं. पण बाकं हसत होती आणि मला शरम वाटत होती. त्यांची नाही. मायची. मला माझ्या मायची शरम वाटली. म्हणून मी सगळं सांगितलं, काना-मात्रेचा फरक न करता.

"खाली उतर. तुला मान ठेवायची रीत नाही, तर विश्वास कुठून येणार? तुझा भरवसा सुईवर आहे. तुझ्यात विश्वास नाही."

माय त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मग तिने कापूस उचलला आणि पायरी उतरली.

घरी जाताना रेल्वे फाटक बंद होतं. फाटकाशी गाडी जाईस्तोवर थांबलो. तेव्हा माय म्हणाली, "त्यो पाद्री परका हाय. त्येचं म्या मनावर न्हाई घेतलं. पन तू शिकलेली हायस. तू म्हनायलीस म्हंजी खरंच आसंल."

पुढच्या खेपेला ती परभणीला गेली नाही.

"माय, सुई चुकायलीय," मी म्हणाले.

"सुई घेतली तर इश्वास न्हाई. न्हाई घेतली तर हाय. मंग मी दावते ना तुला, माझ्यात हाय का न्हाई ते."

मी भांडायला हवं होतं. उचलून गाडीत घालायला हवं होतं. पण माझं अर्धं मन म्हणत होतं, कोण जाणे, होईलही बरी. आणि आमचे इथले पाळक, म्हणजे पूर्णेच्या गिरजाचे पाद्री, ज्यांच्या हातात माझी नोकरी होती, ते घरी येऊन मायची पाठ थोपटून गेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आता तिच्या मनात शंका घालू नका. देवाच्या कामात आडव्या येऊ नका." मी आडवी आले नाही. मी फार गुणाची होते.

माय शुक्रवारचे उपास करायला लागली. पाळक दिसले की वाकून सलाम करायची. वाकताना तिला कळ यायची, तोंडावर दिसायचं. गाठी एकमेकींना भेटल्या, दोन ठिकाणी फुटल्या. घरात वास राहायला लागला. मग खोकला सुरू झाला. ती रोज सकाळी आरशाच्या तुकड्यात मान बघायची आणि म्हणायची, "कमी पडायलंय बाई माझं कायतरी." गाठीचं नव्हे, विश्वासाचं म्हणायची ती.

उन्हाळा सरता सरता बडे पाद्री पुन्हा आले. उतरले गार्डसाहेबांच्या बंगल्यावर. रविवारी सकाळी, उपासनेच्या आधी, मला तिथे बोलावलं. उपदेशातले अवघड शब्द आधी समजून घे, म्हणाले. म्हणजे मागच्यासारखा घोटाळा नको. व्हरांड्यात चहा चालला होता. मी खांबाशी उभी. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

गार्डीणबाई रडवेल्या आवाजात म्हणाली, पोट पुन्हा दुखायला लागलंय, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतायत. आता ऐका. बडे पाद्री काय म्हणाले ते ऐका.

"बेटी, डॉक्टर भी ख़ुदा का बंदा है. मिशन के बड़े दवाख़ाने में जाओ, मैं चिट्ठी देता हूँ. ऑपरेशन में देर मत करना."

तिने विचारलं, मग माझा ईमान कमी पडला असं तर होणार नाही ना? ते हसले. म्हणाले, "वो तो उन लोगों को ऐसे समझाना पड़ता है. आप तो समझदार हैं."

आणि तिथेच बशी बाजूला सारून चिठ्ठी लिहिली.

मला उर्दू कळतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यासाठीच तर बोलावलं होतं. तरी माझ्यासमोर बोलले. तिपाईसमोर बोलावं तसं. ती लोकं म्हणजे माझी माय, आणि मी तिच्या पोटची, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ह्या माणसाच्या शब्दावर माझ्या मायने सुई सोडली होती. ह्याच्या नव्हे, माझ्या. ह्याचा शब्द माझ्या जिभेवरून गेला होता. दोन किल्ल्या म्हणे! बाकावरच्यांसाठी तिसरी किल्ली खिशात होती, आणि ती आम्हाला दाखवलीसुद्धा नाही.

तिथून आम्ही तडक गिरजात गेलो. माय सतरंजीवर होती, तोंडाला पदर लावून खोकत होती. बड्या पाद्रींनी तिला ओळखलं. म्हणाले, त्या बाईला बोलवा. पायरीच्या खालीच उभी राहू दे. मागच्या बेअदबीची माफी मागू दे, देवाच्या माणसाची इज्जत करू दे. मग मी तिच्यासाठी दुआ करीन. "बोलो."

मी बोलले.

"मंडळी, आज सकाळी बंगल्यावर हेच बडे पाद्री म्हणाले, डॉक्टरसुद्धा देवाचाच माणूस आहे."

"आमीन," बडे पाद्री म्हणाले. त्यांना वाटलं, त्यांचंच चाललंय.

"ते गार्डीणबाईंना म्हणाले, ऑपरेशनला उशीर करू नका. दवाखान्याची चिठ्ठी दिली."

"आमीन."

"बाईंनी विचारलं, मग विश्वासाचं काय? तर म्हणाले, ते त्या लोकांना तसं समजवावं लागतं. ते लोक म्हणजे आपण. सतरंजीवरचे."

"आमीन, आमीन," बडे पाद्री म्हणाले आणि डोळे मिटून हात वर केले.

सतरंजीवरच्या माना वर झाल्या. गार्डीणबाईला बाजारापुरतं मराठी येत होतं. तिचा चेहरा उतरला. आमचे पाळक ताडकन उठले. "बाई! खाली बसा!"

"बसते," मी म्हणाले. "आता माझं एक वाक्य. माय, त्या दिवशी हे इज्जत म्हणाले होते, मान मी म्हणाले. तू बरोबर ऐकलंस. चूक माझी होती आणि मी ती गिळली. तुझ्यात विश्वास नाही म्हणाले, ते मी खोटं बोलले."

"क्या बोली ये? क्या बोली?" बडे पाद्री विचारत राहिले. सांगायला कोणी पुढे येईना. सांगणारी मीच होते, आणि माझं सांगून झालं होतं.

माय भिंतीला धरून उठली. साऱ्या गिरजाला ऐकू जाईल असं म्हणाली, "परभनीची गाडी किती वाजता हाय?"

गाडीत ती खिडकीशी बसली. मी माफी मागितली. तिने "आसू दे" म्हटलं नाही. म्हणाली, "गावात मान पाटलाचा. हितं मान सायबाचा. आपून देव बदलला बाई, मान कुटं बदलला?"

डॉक्टर माझ्यावर ओरडले. ओरडायलाच हवं होतं. दुखणं छातीत उतरलं होतं. सुया पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या. मायने एकही चुकवली नाही, दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन सगळ्यांच्या आधी बसायची. सुगीपर्यंत जगली. मग गेली. माझी मिशनची नोकरी त्याआधीच गेली होती. कारण दिलं, बेअदबी.

पूर्णेत अजून म्हणतात, त्या दिवशी भर गिरजात लेकीने मायचा विश्वास मोडला, म्हणून ती गेली. म्हणोत. तिचा विश्वास मी तिच्या मानेवर बघितलाय, रोज कापसाने पुसलाय. तो कमी पडला नाही. सुया कमी पडल्या. त्या ह्या पाद्र्यांनी तोडायला लावल्या, आणि निरोप्या मी झाले.

मी प्रभूला सोडलं नाही. तो महारोग्यांना हात लावायचा, झगा आवरत नव्हता. माझं भांडण मधल्या माणसांशी आहे, आणि ते मिटवायची मला घाई नाही.

आता मी परभणीला सरकारी शाळेत आहे. मानवतला, सेलूला, पूर्णेला, जिथे बरं करण्याची सभा भरते तिथे मी जाते. दारात उभी राहते. गाठी घेऊन, खोकला घेऊन, पोरं कडेवर घेऊन आमची माणसं येतात. मी प्रत्येकाला विचारते, सुई चालू हाय का? आसंल तर तोडू नका. प्रार्थना करा, खुशाल करा, पन सुई तोडू नका. आणि आत जे सांगतील ते आधी विचारा, हे बाकावरच्यांना बी सांगता का?

मला हाकलतात. एकदा दंडाला धरून रस्त्यावर काढलं. पुढच्या सभेला मी आणखी लवकर जाऊन उभी राहिले. ह्या तोंडाने मी माझ्या मायची सुई तोडली. आता हे तोंड बंद करायचं असेल तर त्यांना मला मारावं लागेल.