मध्यंतरानंतरची गॅलरी

काल कोल्हापुरात आमच्या पेठेचा फुटबॉल संघ पुन्हा हरला, चार-शून्यने. मध्यंतरालाच आमच्या बाजूची गॅलरी रिकामी झाली. वीस वर्षं माझ्याबरोबर येणारा दत्ताही उठला.

"किती दिवस जीव जाळायचा रे? मी आता येत नाही," म्हणाला आणि गेला.

मी बसून राहिलो. का, ते मलाही सांगता येत नाही. हरणाऱ्यावर जडलेला जीव सहज सुटत नाही, एवढं खरं.

शेवटची शिट्टी झाली. धुळीनं माखलेला आमचा गोलकीपर गॅलरीपाशी आला आणि त्यानं हात वर केला. मी मागे वळून पाहिलं. कोणीच नव्हतं.

"काका, तुम्ही थांबलात?" त्यानं विचारलं.

"थांबलो," मी म्हणालो. आमच्या अख्ख्या गॅलरीत बोलायला त्यालाही दुसरं कोणी नव्हतं.