उंबऱ्यापर्यंत वाकताना

स्वारगेटजवळच्या माझ्या फरशांच्या दुकानात सकाळी पहिला हात माझा लागायचा. शटर वर ढकलायचं, वाकून उंबऱ्याला हात लावायचा, तो कपाळाला टेकवायचा आणि मगच आत. हमाली करून उभं केलेलं दुकान. हा मान मी कुणाला देणार नव्हतो.

एका सकाळी वाकलो तो वाकलेलाच राहिलो. धाकट्या भावाने धरून खुर्चीत बसवलं. तेव्हापासून शटरही त्याचं आणि उंबराही. वर्ष उलटलं तरी गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा, "दादा, तू बस." ते कमरेपेक्षा जास्त लागायचं. पण उठून वाकायची छातीही होत नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मणक्यातली गादी जराशी सरकली आहे, ऑपरेशन नको, व्यायाम करा. मी फक्त 'सरकली' ऐकलं. आम्ही फरशी बोटाने वाजवून बघतो. आवाज बद्द आला की तडकलेली, ठेव बाजूला. मी स्वतःला तसंच बाजूला ठेवलं. पट्टा आवळून बसायचो. शिंक येणार असं वाटलं तरी टेबल घट्ट धरायचो.

शेवटी बायकोने विश्रांतवाडीतल्या एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. पोरगीच ती, माझ्या मुलीच्या वयाची. पाठीवर झोपून वीस वेळा कंबर उचलायला सांगितली. मी म्हणालो, निम्म्या वेळा करीन. ती लगेच कबूल झाली, तिथेच मला संशय आला. नंतर कळलं, माझा स्वभाव ओळखून तिने आकडा दुप्पटच सांगितला होता.

कंबर उचलली तशा मांड्या थरथरल्या, पोटरीत मुंग्या आल्या, घाम फुटला. आता कायमचा अंथरुणाला खिळणार, या भीतीने मी तिच्यावर ओरडलो. तडकलेल्या फरशीवर कोणी हातोडा मारतं का, असं विचारलं.

माझं संपेपर्यंत ती थांबली. "काका, फरशी हलवली तर तुटते. पाठ हलवली नाही तर आखडते. आणि आधी श्वास सोडा, केव्हाचा धरून ठेवलाय."

खरंच धरला होता.

पुढे व्यायाम चालू ठेवला. हमालीच्या दिवसांत दुखायच्या तशा मांड्या दुखल्या. ते दुखणं ओळखीचं होतं. पायातली ओढ कमी झाली, पलंगाची कड न धरता कूस बदलता येऊ लागली. पाठ अजून दुखते, सकाळी जास्तच. भीती मात्र इंचभर हलली नव्हती.

परवा भावाने शटर उघडलं आणि तो उंबऱ्याकडे वळला.

"मागे हो," मी म्हणालो.

"दादा, तू..."

"मागे हो म्हटलं ना."

उंबऱ्यापर्यंत मला रागाने आणलं. वाकायची वेळ आली तेव्हा राग कुठल्या कुठे गेला. तिने शिकवल्यासारखे गुडघे सैल सोडले, पार्श्वभाग मागे नेला. दगड बोटांना गार लागला. हात कपाळाला लावला. आता उठायचं होतं. मागच्या वेळी इथेच अडकलो होतो.

मागे भाऊ दोन्ही हात पुढे करून उभा होता, दम रोखून.

"श्वास सोड," मी त्याला म्हणालो आणि उठायला लागलो.